जिनिंगच्या कैच्या कुणी जोडल्या

बाबा,

मी वेल्डिंगचं नवीन मशीन घेतलं. मिग म्हणतात त्याला. तुमच्या वेळी आपल्या भागात हे कुणी वापरत नव्हतं. रॉड नाही, तो पकडायचा होल्डर नाही. बारीक तार रिळातून आपोआप पुढे येते, हातातल्या मुठीचा, तिला टॉर्च म्हणतात, खटका दाबला की जोड सुरू होतो, आणि वरची काळी पापडी ठोकून काढायची गरज राहत नाही. तुम्ही असतात तर आधी नाक मुरडलं असतं आणि मग झाकण उघडून आत काय आहे ते पाहत बसला असतात. ही बातमी तुम्हाला सांगावी म्हणून कागद घेतला. पण मशीन घेतलं त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती सोडून मशीनबद्दल लिहिता येत नाही. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. एकदाच बोललात, पण त्या एका वाक्यावर मी माझं पुढचं सगळं बेतत गेले.

बोरी अरबचं आपलं दुकान आता माझ्या आणि आईच्याच डोळ्यांसमोर उरलं आहे. बाजाराच्या रस्त्याला टिनाचं शेड, मागे दोन खोल्या आणि मधे बिनपडद्याचं दार. त्या दारातून स्वयंपाकघरात जळक्या रंगाचा वास यायचा आणि दुकानात फोडणीचा. गावातली डवरे-वखरासारखी शेतीची अवजारं, बंड्यांची म्हणजे बैलगाड्यांची दुरुस्ती, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं तुमच्याकडे. मला भाऊ नाही यावरून लोक हळहळायचे, पोरगा असता तर हाताशी आला असता म्हणायचे. तुम्ही त्यांच्याशी वाद घालत नव्हतात. मला हाक मारून एखादा टाका मारायला लावायचात आणि त्यांना तो बघू द्यायचात. मी आठवीत गेले तेव्हा तुमची काळ्या काचेची ढाल माझ्या तोंडाला मोठी होते म्हणून तुम्ही एक जुनी ढाल कापून लहान केलीत, तिची मूठ घासून बारीक केलीत आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलीत, हात घसरू नये म्हणून. दुसऱ्यांच्या मुलींना बाजारातून काय काय येत होतं. मला ती ढाल मिळाली तेव्हा मी ती उशाशी घेऊन झोपले होते, हे आई अजून सांगते.

तुमची बोलणीही मी खाल्ली आहेत. एका डवऱ्याचा जोड मी दिसायला सुंदर केला होता, आतून पोकळ. मालक घ्यायला आला तेव्हा त्याच्यासमोर तुम्ही हातोड्याचा एक दणका दिलात आणि डवरा दोन तुकडे होऊन पडला. "दिसाले चांगलं हाय, बाई. पण वावरात याचं दिसनं कोनाले पाह्याचं हाय?" एवढंच म्हणालात. मी रडत रडत तो पुन्हा जोडला. त्यानंतर माझा जोड कधी सुटला नाही. तुम्हीच सांगायचात लोकांना, की माझ्यापेक्षा पोरीचा हात स्थिर आहे. जयंतीला विहारात तुम्ही उभे राहून बोलायचात, पोरींना फक्त शिकवू नका, त्यांच्या हातात धंदा द्या. लोक टाळ्या वाजवायचे. मी मागे बायकांमध्ये हातावरचे ठिणग्यांचे डाग ओढणीखाली न झाकता बसायचे. तुमच्यावर माझा किती विश्वास होता हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिते.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडात कापूस भरत नव्हता, भरला तर भाव नव्हता, वेचणीला बाया लावणं परवडत नव्हतं. लोकांनी नवे डवरे करायचं सोडलं, जुन्यालाच तार बांधून चालवू लागले. आपल्या दुकानात दिवस दिवस मशीन थंड राहायचं आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहायचात. त्याच सुमाराला आत्या मुकुटबनहून आली, सोबत तिचा मोठा मुलगा. त्यांच्या वावरात लागोपाठ तीन हंगाम कापूस हाती लागला नव्हता. आत्यानं जेवताना तुम्हाला म्हटलं की याला शेतीतून बाहेर काढ, काहीही शिकव. तुम्ही तिच्या ताटात भाकरी वाढत होतात. तुमची ती एकटीच बहीण, तुम्ही तिला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेली. आत्या परत गेली आणि तो आपल्याकडे राहिला; मी त्याला भाऊच म्हणत आले. माणूस म्हणून तो तेव्हाही चांगलाच होता. मी त्याला रॉड कसा धरायचा ते शिकवायचे आणि तो मला सायकलवर बसवून कॉलेजच्या बसपर्यंत सोडायचा. पण त्याचा हात थरथरायचा. सरळ रेघ ओढायला सांगितली की ती सापासारखी जायची.

दारव्ह्याच्या रस्त्यावरची कापसातून सरकी काढायची जिनिंग बंद पडली होती. ती कुणीतरी विकत घेऊन तिथं सोयाबीनचं गोदाम करायला काढलं, आणि छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे तिकोनी सांगाडे, नव्यानं बनवायचं काम तुम्हाला मिळालं. किती खूश होतात तुम्ही. जिनिंगच्या अंगणात कैच्या जमिनीवर मांडून आपण जोडत होतो. कोपऱ्यात जुनी सरकी पडलेली, तिला कुबट वास. तुम्ही लोखंडाचे अँगल कापून मांडायचात, भाऊ घासून साफ करायचा आणि जोड मी द्यायचे, कारण तेव्हाच तुमच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं होतं. बारावीची सुट्टी होती. डोक्याला ओढणी बांधून मी वाकलेली असायचे आणि तुम्ही मधूनच येऊन माझ्या मानेवर ओलं फडकं ठेवायचात. कैच्या वर चढल्या त्या दिवशी तुम्ही खाली उभं राहून बराच वेळ वर पाहत होतात. त्या सगळ्या जोडांमधला एकही तुमचा किंवा भावाचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात नागपूरचा एक माणूस दुकानात आला. मोठमोठी शेडं उभी करणाऱ्या कंत्राटदाराकडे तो कामावर देखरेख करायचा. गोदामाचं पुढचं काम त्यांच्याकडे होतं आणि कैच्या पाहून तो आला होता. मी दुकानातच होते, जाळीला रंग देत. कैच्यांचं काम पाहून आलो, एवढं तो म्हणाला आणि तुम्ही लगेच मला म्हणालात, "बाई, पाव्हण्याले च्या ठेव." मी आत गेले. आत्याही तेव्हा आलेली होती, चुलीशी बसली होती. मी चहात आलं किसून घातलं, चांगले कप काढले. बाहेर तुमचं बोलणं चालू होतं, भाऊही तिथंच उभा होता, पण शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात शब्द कळत नव्हते. चहा न्यायला उठले तर आत्यानंच ट्रे माझ्या हातातून घेतला. तो माणूस गेल्यावर तुम्ही आत आलात, हात धुतलेत, आणि माझ्याकडे न पाहता सांगितलंत की साहेबाला काम फार आवडलं, पण त्यांच्या कंपनीत पोरी घेत नाहीत. भावाला मात्र मदतनीस म्हणून नेतो म्हणाले.

मी ते खरं मानलं. का मानणार नाही? तुम्ही सांगत होतात. मला वाटलं, बाबांनी भांडून पाहिलं असेल माझ्यासाठी. तुमच्या पडलेल्या चेहऱ्याची मला कीव आली. उलट मीच तुम्हाला समजावलं की जाऊ द्या, आपलं दुकान आहेच. पण आतून माझं काहीतरी मोडलं. जग जर कैच्या पाहून खूश होऊनही नाहीच म्हणणार असेल, तर कशाला हात भाजून घ्यायचे, असं वाटत गेलं. भाऊ नागपूरला गेला. मी ढाल खुंटीला टांगली आणि शिवणक्लास लावला. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की काहून सोडलं. मला वाटायचं, माझं दुःख उकरायला नको म्हणून विचारत नाहीत.

लग्न होऊन मी यवतमाळला आले. शाळेचे गणवेश शिवले, मुलं मोठी केली. तुम्ही शेवटच्या दुखण्यात सरकारी दवाखान्यात होतात तेव्हा मी रोज डबा घेऊन येत होते. एके दुपारी तुम्ही माझा हात उलटा करून पाहिलात आणि विचारलंत, "अजून होल्डर धरतं काय?" मी म्हटलं, कुठलं बाबा, आता सुईदोरा. तुम्ही हात सोडलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. थकले असतील म्हणून मी पांघरूण सारखं केलं. तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो. सांगायला वेळ होता.

माझ्या नवऱ्याचा ऑटो आहे. एका पावसाळ्यात त्याच्या तळाचा पत्रा गंजून पार गेला. दुरुस्तीवाल्यानं आठवडाभर फिरवलं. मग मी शेजाऱ्याचं रॉडचं मशीन मागून आणलं आणि अंगणात स्वतः बसले. इतक्या वर्षांनी खटका लावला, ठिणगी उडाली आणि हाताला सगळं आठवलं. नवरा दारात उभा राहून पाहत होता. त्याला माहीतच नव्हतं. त्यानं स्टँडवर जाऊन सांगितलं आणि हळूहळू ऑटोवाले येऊ लागले, कुणाची सीटची चौकट, कुणाचा पत्रा, कुणाचं सामानाचं कॅरिअर. घराच्या बाजूला आम्ही टिन टाकून घेतलं. पण ऑटोचा पत्रा पातळ, आणि रॉडनं तो जळून भोकं पडतात. एक भोक भरायला जावं तर शेजारी दुसरं. मिगशिवाय हे काम नीट व्हायचं नाही हे मला कळत होतं, पण कोणतं घ्यावं ते कळत नव्हतं. म्हणून मी भावाला फोन केला. तो आता नागपूरला मोठ्या कारखान्यात वेल्डरांवर देखरेख करतो. रविवारी येतो म्हणाला आणि पहिल्या बसनं आला.

बसस्टँडच्या खालच्या अंगाला मशीनचं दुकान आहे. दुकानदारानं दोन मशीनं काढून ठेवली. एक बिनगॅसचं, त्याच्या तारेतच मसाला भरलेला असतो. हलकं, सिलिंडरची कटकट नाही. दुसरं गॅसवर चालणारं, तेच बिनगॅसचंही चालतं, पण वजनदार. दुकानदार सगळं भावाला समजावून सांगत होता, मी बाजूला उभी. भाऊ दरवेळी माझ्याकडे वळून म्हणायचा, "हिले सांगा, मशीन हिचं हाय." मी विचारलं की घरच्या साध्या लाइटवर हे चालेल का, संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं तेव्हा काय होईल. बारीक तारेचं रीळ यवतमाळात मिळेल की दरवेळी नागपूरहून आणावं लागेल. टॉर्च खराब झाली तर सुटी मिळते का. सलग किती वेळ चालवलं की मशीन तापून बंद पडतं. बिनगॅसच्या तारेनं ठिणग्या जास्त उडतात आणि पातळ पत्र्याला आच जास्त लागते, हे दुकानदारानं आढेवेढे घेत कबूल केलं. गॅसचं घ्यावं तर वाऱ्यानं गॅस उडून जोडात बारीक भोकं राहतात, म्हणून टिनाच्या उघड्या बाजूला पडदा लावावा लागेल, असं भावानं सांगितलं.

मग दुकानदारानं पत्र्याचे तुकडे दिले, करून पाहा म्हणाला. आधी भावानं केला. तीस वर्षं तेच करत आलेला माणूस, जोड चांगलाच आला. मग मी घेतली टॉर्च. पहिल्यांदा तार पुढे आली आणि मी दचकले, पत्र्याला चिकटली ती. दुसऱ्यांदा मी आच कमी करून घेतली, तारेचा वेग थोडा उतरवला आणि हात जाऊ दिला. रेघ पूर्ण झाली. काच वर केली तर भाऊ माझ्याकडे नाही, त्या पत्र्याकडे पाहत होता. दुकानदारानं विचारलं, ताईंना कुणी शिकवलं. भाऊ म्हणाला, "तिच्या बाबानं. माह्या मामानं." आणि लगेच, आम्ही चहा घेऊन येतो म्हणून मला बाहेर घेऊन आला.

टपरीच्या बाकड्यावर बसून त्यानं ते सांगितलं. चहा हातात होता, प्यायला नाही. म्हणाला, "तो साहेब तुलेच पाहाले आलता." मला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. जिनिंगच्या चौकीदारानं त्या माणसाला सांगितलं होतं की कैच्या एका पोरीनं जोडल्या. तो मुद्दाम तिला भेटायला आला होता. त्यांच्या वर्कशॉपमध्ये आधीच दोन मुली कामाला होत्या, राहायची सोय होती, आणखी एक हवी होती. त्यानं तुम्हाला विचारलं, ती मुलगी कुठं आहे. आणि तुम्ही म्हणालात की चौकीदाराची चूक झाली, पोरगी नुसती पाणी-चहा द्यायला यायची, कैच्या सगळ्या माझ्या भाच्यानं जोडल्या.

मी आत तेव्हा त्यालाच चहा करत होते, बाबा.

भाऊ बोलत राहिला. तो तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला जोड द्यायला सांगितला आणि तो त्याला आला नाही. डोळे आले आहेत असं सांगून त्यानं वेळ मारून नेली. वर्षभर नुसतं घासायचं काम केलं, सुट्टीत चोरून शिकला. तो साहेब अधूनमधून म्हणायचा, जिनिंगमधला हात कुठं गेला तुझा. भाऊ म्हणाला, तुह्या लग्नात सांगावं म्हनलं, मामा गेले तवा सांगावं म्हनलं, पन तोंड उघडलं नाही. आज तुही रेघ पाह्यली अन् राह्यवलं नाही. मी त्याला विचारलं की तू तिथंच उभा होतास ना, काहून बोलला नाहीस. तो म्हणाला, माही आई आत बसलेली होती.

मी चहा पिऊन टाकला. दुकानात परत गेले आणि गॅसचं मशीन घेतलं. दुकानदार बिलावर भावाचं नाव लिहायला लागला तेव्हा मी त्याला थांबवून माझं लिहायला लावलं. भावानं सिलिंडर स्वतः उचलून नवऱ्याच्या ऑटोत ठेवला. घराशी उतरताना तो म्हणाला, मले काहीतरी बोल. मी म्हटलं, "तुले काय बोलू. बाबानं मले इचारलं असतं तं मी सोताच ते काम तुले देल्लं असतं." त्यानं मान खाली घातली, डोळे पुसले. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही.

तो गेल्यावर मी आईपुढं बसले. ती आता माझ्याकडेच असते, कमी ऐकू येतं, पण हे तिला एकदाच विचारावं लागलं. ती निवडत असलेल्या तुरीच्या डाळीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "मले त्याच दिवशी मालूम होतं." मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तुझी आत्या घरात होती, तिचं पोरगं उपाशी वावरात परत पाठवायचं का, तुझं लग्न तर होणारच होतं. मग, जणू मला द्यायला तिनं राखून ठेवलेलं होतं तसं, म्हणाली, "त्या दिवशी तुह्या बाबानं जेवन नाही केलं."

एवढ्यानं माझं काय फिटलं, बाबा? तुम्ही एक वेळ जेवला नाहीत आणि मी अर्धा जन्म समजत राहिले की जगाला मी नको होते. जगानं तर दारापर्यंत येऊन माझी चौकशी केली होती. नाही म्हणणारे तुम्ही होतात. अनोळखी माणसानं फसवलं असतं तर त्याला दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुमच्या बाबतीत मला तेही करता येत नाही, कारण माझ्या हातात जे काही आहे ते तुमचंच आहे. तुम्ही दिलंत आणि कुणाला दाखवायची वेळ आली तेव्हा दुसऱ्याचं म्हणून सांगितलंत. बहिणीसाठी केलंत हे मला समजतं. विहारात टाळ्या घेताना तुम्हाला काय वाटत होतं, ते मात्र समजत नाही. त्यानंतरही तुम्ही दरवर्षी बोलायला उभे राहत होतात.

मशीन आता टिनाखाली आहे. उघड्या बाजूला जुन्या ताडपत्रीचा पडदा लावला. काल एका ऑटोचा तळ केला, भोक एकही पडलं नाही. भावाचा फोन येतो, मी उचलते, आम्ही मशीनबद्दलच बोलतो. आईशी मी नेहमीसारखी वागते, फक्त तिच्याशेजारी आता निजत नाही. हे पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही आणि भावालाही देणार नाही, कारण त्यात मला एक गोष्ट लिहायची आहे जी त्याच्यापर्यंत जायला नको. तुम्ही विचारलं असतं तर मीच दिलं असतं, असं मी त्याला सांगितलं, आईला सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं. ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. तुम्हाला खरं लिहिते. तुम्ही विचारलं असतं तरी मी दिलं नसतं. आत्या समोर बसून रडली असती तरीही नाही. मला वाटतं, हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं, आणि म्हणूनच तुम्ही मला चहा ठेवायला सांगितलंत.